धातूची वाघीण, खारी हवा आणि रंगाचा गंज

छोट्या रेल्वेविषयीच्या या सदराकडे पावसाळा संपता संपता जी पत्रे येतात, त्यांत एक तक्रार ठरलेली असते. मे महिन्यात उत्तम दिसणारी धातूची प्रतिकृती ऑक्टोबरात कपाटातून बाहेर काढली, तर तिच्यावर काहीतरी हिरवट, पांढरे किंवा तांबूस उगवलेले असते. या वेळी निवडलेली सहा पत्रे अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची आहेत आणि सर्व पत्रलेखक समुद्राच्या वाऱ्याच्या टप्प्यात राहतात. वाघिणींच्या, म्हणजे मालगाडीच्या डब्यांच्या, सुटे भाग जोडून करायच्या संचांसोबत येणाऱ्या सूचना बहुधा अशा देशांत लिहिलेल्या असतात, जेथे घरे हिवाळाभर आतून तापवलेली असतात. त्या सूचना चुकीच्या नसतात. फक्त आपली हवा त्यांनी गृहीत धरलेली नसते. खरा गंज धातूपर्यंत पोहोचू द्यायचा नाही, आणि रंगाने काढलेला गंज मात्र खऱ्यासारखा दिसला पाहिजे, अशी आपल्याकडील कामाची दुहेरी अट आहे. मी स्वतः रत्नागिरीत हा छंद करीत असल्यामुळे खालील उत्तरे याच अटीच्या अंगाने लिहिली आहेत.

प्रश्न : माझ्या मामांनी इंग्लंडहून येताना ब्रिटिश रेल्वेच्या १६ टनी कोळसा वाघिणीचा व्हाइट मेटलचा संच आणला. प्रमाण एका फुटाला ४ मिलिमीटर आहे. घरातील २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने पहिला जोड देत असतानाच बाजूच्या भिंतीचा एक कोपरा वितळला. आता भाग चिकटवावेत की सोल्डरच करावेत? शिवाय जोडणी झाल्यावर वाघीण रुळांवर डुगडुगू नये, यासाठी काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : वितळलेला कोपरा परत घडवता येतो, त्यामुळे तो भाग कृपया टाकून देऊ नये. आधी तो का वितळला हे पाहू. व्हाइट मेटल हे मुख्यतः कथील, शिसे आणि अँटिमनी यांचे मिश्रण असते आणि काही मिश्रणांत बिस्मथही असते. घटकांचे प्रमाण बदलले की वितळण्याचे तापमान बदलते, परंतु ते साध्या सोल्डरच्या तापमानापासून फार दूर नसते. विजेच्या कामासाठी आपण वापरतो ती ६० : ४० ची सोल्डर तार १८३ ते १९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते, तर तापमानाचे नियंत्रण नसलेल्या आयर्नचे टोक ३०० अंशांच्या पुढे गेलेले असते. असे टोक पातळ ओतीव भागाला टेकले की तार वितळण्याआधी तो भागच ओघळतो.

यासाठी ७० अंशांना वितळणारे वेगळे सोल्डर मिळते आणि व्हाइट मेटलकरिता तेच वापरावे. टोकाचे तापमान ठरवता येणारे सोल्डरिंग स्टेशन घ्यावे व ते १५० अंशांच्या आसपास ठेवावे. फॉस्फोरिक आम्लाचे पातळ फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा द्रव) जोडाच्या आतील बाजूने ब्रशने भरपूर लावावे, टोकावर सोल्डरचा लहानसा थेंब घ्यावा आणि तो फ्लक्सला टेकवावा. फ्लक्स उकळते, सोल्डर सांध्यात पाण्यासारखे धावते, आणि त्याच क्षणी टोक उचलायचे असते. हा क्षण ओळखायला हात थोडा बसावा लागतो. म्हणून संचातील ओतकामाचे जे तुकडे कापून टाकायचे असतात, त्यांवर आधी एक संध्याकाळ सराव करावा. या सोल्डरमध्ये शिसे असते, काही प्रकारांत कॅडमियमही असते. खिडकी उघडी ठेवून काम करणे, कामाच्या टेबलावर चहा न ठेवणे आणि नंतर हात साबणाने धुणे, या गोष्टी टाळू नयेत.

चिकटवण्याविषयी माझे मत असे आहे की पेटीच्या चार भिंती व तळ सोल्डर करावेत, आणि बफर, ब्रेकचा दांडा यांसारखे नाजूक भाग सावकाश वाळणाऱ्या दोन नळ्यांच्या इपॉक्सीने लावावेत. झटपट चिकटणारे सायनोॲक्रिलेट व्हाइट मेटलवर ठिसूळ राहते, आणि दमट हवेत त्याच्या वाफेचा पांढरा थर जोडाभोवती बसतो, तो आपल्याकडे जून ते सप्टेंबर हमखास दिसतो. सोल्डरचा आणखी एक मोठा फायदा आहे. पेटी वाकडी जोडली गेली, तर ती उकळत्या पाण्यात सोडावी. ७० अंशांचे सोल्डर सुटते, व्हाइट मेटलला काही होत नाही आणि सर्व भाग पुन्हा मोकळे मिळतात. त्यासाठी घेतलेले भांडे मात्र परत स्वयंपाकघरात जाता कामा नये.

आपला वितळलेला कोपरा याच सोल्डरने भरून काढता येईल. भागाच्या मागे लाकडाची गुळगुळीत पट्टी धरावी, कारण सोल्डर लाकडाला चिकटत नाही. कमी पडलेल्या जागी थोडे थोडे सोल्डर साचवावे आणि गार झाल्यावर कानसीने आकार द्यावा. व्हाइट मेटल कानसीच्या दातांत लगेच भरते, म्हणून एक जुनी कानस फक्त या कामाला ठेवावी आणि घासण्यापूर्वी तिच्यावर पांढरा खडू फिरवावा. खडूमुळे दात बुजण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

डुगडुगण्याचे मूळ बहुतेक वेळा चाकांत नसून पेटीच्या पहिल्या दोन जोडांत असते. जाड काचेच्या तुकड्यावर, लहान गुण्या लावून, एक बाजू आणि एक टोक यांचा काटकोन आधी जोडावा. तसाच दुसरा काटकोन करावा आणि मग ते दोन्ही एकमेकांस जोडावेत. तळ बसवण्यापूर्वी कागदाच्या पट्टीने दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले नाहीत तर पुढे जाऊ नये. मूळ वाघिणीच्या चौकटीची लांबी १६ फूट ६ इंच आणि दोन आसांमधील अंतर ९ फूट होते, म्हणजे आपल्या प्रतिकृतीत ते अनुक्रमे ६६ आणि ३६ मिलिमीटर यायला हवे. हे ३६ मिलिमीटर डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंना मोजावे, कारण एका बाजूला अर्धा मिलिमीटर फरक राहिला तरी आस तिरके बसतात आणि वाघीण रूळ बदलण्याच्या सांध्यांवर रुळांवरून उतरते. आसांची टोके ज्यांत फिरतात ते टोपीच्या आकाराचे पितळी बेअरिंग बसवताना आत सोल्डर किंवा गोंद जाणार नाही याकडे लक्ष द्यावे. चाकांच्या आतल्या अंगांमधील अंतर १६.५ मिलिमीटरच्या ओओ (या ४ मिलिमीटर प्रमाणाच्या) रुळांसाठी सुमारे १४.४ मिलिमीटर असावे.

सर्व बसल्यावर वाघीण काचेवर ठेवून चारही चाकांखाली साधा कागद सरकवून पाहावा. तो एकाच चाकाखालून सहज जात असेल, तर ते चाक हवेत आहे. अशा वेळी एक बेअरिंग मोकळे करून पुन्हा बसवावे. चौकट हाताने पिळून सरळ करण्याचा मोह टाळावा, कारण ओतीव व्हाइट मेटल थोडेसे वाकते आणि मग एकदम तुटते. चार चाकी वाघिणीला सुमारे ५० ग्रॅम वजन पुरते. व्हाइट मेटलच्या पेटीत ते आपोआप येते, त्यामुळे वेगळे वजन भरण्याची गरज नाही.

प्रश्न : आम्लाने कोरलेल्या पितळी पत्र्याचा सांगाडा मी गेल्या वर्षी सोल्डर करून रंगवला. पावसाळ्यानंतर घड्यांच्या जागी रंग फुगला आणि त्याखाली हिरवी पूड निघाली. समुद्र घरापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. हा समुद्राच्या हवेचाच परिणाम असावा का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : खारी हवा हे काम लवकर करते, परंतु सुरुवात बहुधा राहून गेलेल्या फ्लक्सने केली असावी. हिरवी पूड घड्यांच्या जागीच निघाली, हीच त्याची खूण आहे. पत्रा जेथे दुमडायचा तेथे तो अर्ध्या जाडीपर्यंत कोरलेला असतो, त्या खाचेत आम्लयुक्त फ्लक्स साचते आणि वरवर धुतल्याने निघत नाही. वर रंग बसला की ते आत बंद होते, दमट हवेतील ओलावा त्याला मिळत राहतो आणि पितळेतील तांबे हिरवे पडते. झिंक क्लोराइडचे फ्लक्स वापरले असेल तर हा त्रास अधिक होतो.

रंग पूर्ण काढावा. सांगाडा गरम पाण्यात, भांड्यांच्या साबणाच्या द्रवाने, जुन्या दातांच्या ब्रशने घासावा, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात काही मिनिटे ठेवून उरलेले आम्ल शमवावे आणि पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावे. शेवटच्या धुण्यासाठी विहिरीचे पाणी वापरू नये. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि ते उकळल्याने त्यातील क्षार जात नाहीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर दुकानात सहज मिळते. त्याची एक बाटली अनेक वाघिणींना पुरते. यापुढे प्रत्येक बैठकीचे काम त्याच संध्याकाळी धुवावे, उद्यावर ठेवू नये.

आपण विचारलेले नाही, तरीही सांगतो. पितळी सांगाड्यावर व्हाइट मेटलचे भाग जोडायचे असतील तर ७० अंशांचे सोल्डर पितळेला थेट धरत नाही. पूर्वी दारावर येणारा कल्हईवाला पातेले तापवून, नवसागर फिरवून त्यावर कथलाचा पातळ थर चढवत असे. नेमके तेच येथे करावे : पितळेवर जोडाच्या जागी आधी साध्या सोल्डरचा पातळ थर द्यावा, आणि त्या थरावर ७० अंशांच्या सोल्डरने व्हाइट मेटल बसवावे.

प्रश्न : स्प्रेच्या डब्याने दिलेला राखाडी रंग वाळताना जागोजागी पांढुरका झाला, जणू वर साय धरली आहे. महिना जुलै होता. वाळण्यासाठी वाघीण एका पत्र्याच्या डब्यात, विजेच्या दिव्याखाली ठेवावी असे एका मित्राने सुचवले. ते योग्य आहे का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : डब्यातील लॅकर जातीच्या रंगाचे द्रावक झपाट्याने उडून जाते आणि जाताना पृष्ठभाग गार करते. जुलैच्या हवेत ओलावा इतका असतो की त्या गार पृष्ठभागावर दव धरते आणि ते रंगाच्या थरात अडकून पांढरे दिसते. धातूची वाघीण सकाळी हाताला गार लागत असेल, तर हा दोष आणखी ठळक येतो.

दिव्याच्या डब्याची सूचना चांगली आहे, पण एका मर्यादेत. आपली वाघीण ७० अंशांच्या सोल्डरने जोडलेली असेल, तर बंद पत्र्याच्या डब्यात जुन्या पद्धतीच्या ६० वॅटच्या दिव्याजवळ तापमान किती चढेल याचा भरवसा नसतो आणि रंग वाळता वाळता जोडच सैल होऊ शकतो. डब्याला वर-खाली भोके पाडावीत, आत थर्मामीटर ठेवावा आणि ४० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये. या डब्याचा खरा उपयोग रंगानंतर नव्हे तर रंगापूर्वी आहे. वाघीण अर्धा तास आत ठेवून कोमट करावी आणि बाहेर काढताच रंगवावी, म्हणजे तिच्यावर दव धरत नाही.

माझी स्वतःची पद्धत अशी आहे की जून ते सप्टेंबर जोडणी करायची, धुऊन, वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची, आणि प्राइमर व रंग ऑक्टोबरच्या उन्हासाठी राखून ठेवायचे. दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान हवा सर्वांत कोरडी असते. ज्यांना थांबणे शक्य नाही, त्यांनी पाण्यावर आधारित ॲक्रिलिक रंग एअरब्रशने द्यावा. तो सावकाश वाळतो, पण पांढरा पडत नाही. कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारा सापळा मात्र आपल्याकडे अनिवार्य समजावा. पितळी भागांवर धातूला पकड घेणारा एच (etch) प्राइमर द्यावा, आणि तो धुतलेल्या, बोट न लागलेल्या पृष्ठभागावरच द्यावा, कारण किनाऱ्यावर घामाने ओल्या बोटाचा ठसाही पुढे प्राइमरखाली उमटतो.

पांढऱ्या पडलेल्या रंगावर कोरड्या दिवशी चमकदार वार्निशचा अगदी पातळ थर द्यावा. दोष हलका असेल तर तो तेवढ्याने नाहीसा होतो. नाहीसा झाला नाही तर रंग काढून नव्याने देणे अधिक बरे.

प्रश्न : मी चित्रकला शिकवते. मुलाच्या १६ टनी वाघिणीवर गंज रंगवण्याचा प्रयत्न केला, परंतु नारिंगी ठिपके ठिपकेच राहतात, गंज दिसत नाही. आमच्याकडे गेरू आणि काव सहज मिळते. त्यांचा उपयोग होईल का? आणि गंज नेमका कोठे दाखवावा?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून तो आधी घेतो. गंज कोठे येतो हे पाण्याने ठरते. पाणी जेथे थांबते, जेथे रंग घासला जातो, आणि जेथे आतील ओलावा बाहेर यायला फट शोधतो, तेथे तो सुरू होतो. १६ टनी वाघिणीत कोळसा वाहिला जात असे. कोळशातील गंधक पावसाच्या पाण्यात उतरले की ते पाणी आम्लधर्मी होते, आणि ते तळ व भिंत यांच्या सांध्यात साचून राहते. शिवाय प्रत्येक भरणीत कोळसा आतला रंग खरवडून टाकतो. त्यामुळे ही वाघीण आतून संपूर्ण गंजलेली असते, आणि बाहेर गंज दिसतो तो बराचसा आतून आरपार आलेला असतो : भिंतीच्या खालच्या तृतीयांशात, दारांच्या कडांना, बिजागऱ्यांभोवती आणि वेल्डिंगच्या रेषांवर. भिंतीच्या मधोमध, वरच्या भागात, सुटे ठिपके क्वचितच असतात, आणि आपले ठिपके बहुधा तेथेच पडले असावेत.

रंगाबाबत, आपण वेंगुर्ल्यात राहता ही मोठी सोय आहे. बंदरावरच्या साखळ्या, जुन्या फाटकांचे गज, पाच पावसाळे पाहिलेला छपराचा पत्रा, हे सर्व जवळून पाहावे. जुना गंज नारिंगी नसतो. तो नारळाच्या करवंटीसारखा गडद तपकिरी असतो, कधी जांभळट झाक असलेला. नुकत्याच तासलेल्या जांभ्या चिऱ्याचा जो तांबूस-नारिंगी रंग असतो, तो फक्त ताज्या गंजाचा, आणि तो जुन्या गंजाच्या कडेला किंवा पाणी ओघळलेल्या रेषेत, थोडाच दिसतो. म्हणून क्रम उलटा करावा : आधी गडद, आणि त्यात अगदी थोडे उजळ.

प्रत्यक्ष काम असे करता येईल. मूळ राखाडी रंग पूर्ण वाळल्यावर, आकडे व अक्षरांची पाण्यात भिजवून लावायची चित्रे चमकदार वार्निशवर लावावीत, त्यांवर पुन्हा वार्निशचा थर द्यावा आणि दोन दिवस जाऊ द्यावेत. ही वाघीण राखाडीच असावी, कारण ब्रिटिश रेल्वेत सलग ब्रेक (इंजिनातून सर्व वाघिणींना एकदम लागणारे) नसलेल्या मालवाघिणी राखाडी आणि व्हॅक्यूम ब्रेकच्या वाघिणी तांबूस तपकिरी रंगवल्या जात. कोळसा वाघिणीच्या बाजूवर जी पांढरी तिरकी रेघ असते, ती ज्या टोकाला उघडणारे दार आहे त्या टोकाकडे वर चढते. ती उलटी लागली तर जाणकारांच्या नजरेला प्रथम तेच दिसते.

त्यानंतर पॅकिंगच्या स्पंजचा फाडलेला, कापलेला नव्हे, तुकडा घ्यावा. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात किंचित काळा मिसळून तो स्पंजला लावावा, जवळजवळ सर्व रंग कागदावर टिपून टाकावा आणि उरलेल्या रंगाने वर सांगितलेल्या जागा हलक्या हाताने टिपाव्यात. फाडलेल्या स्पंजचे ठसे एकसारखे येत नाहीत. हे डाग वाळल्यावर त्यांच्या आतल्या भागात, कडा सोडून, बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाने बारीक ब्रशने थोडे काम करावे. मग तैलरंगातील बर्न्ट सिएनाचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका डागाच्या खालच्या कडेला ठेवावा आणि टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या सपाट ब्रशने तो सरळ खाली ओढावा. पाऊस जसा वाहतो तशीच ओढ हवी, आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश पुसायला हवा. तैलरंग सावकाश वाळत असल्यामुळे न आवडलेली रेषा दुसऱ्या दिवशीही पुसता येते. आपल्या हाताला जलरंगांची सवय असेल तर हा टप्पा आपल्याला लवकर साधेल असे वाटते.

गेरू आणि काव यांचा उपयोग निश्चित होतो. त्यांचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचाच असतो, म्हणजे खऱ्या गंजाचे ते जवळचे नातेवाईक आहेत. गेरू खलात बारीक करून मलमलीतून दोनदा गाळावा, त्यात लाकडी कोळशाची पूड कमी-अधिक मिसळून तीन-चार छटा तयार कराव्यात आणि कोरड्या मऊ ब्रशने डागांवर थोपटाव्यात. मॅट वार्निशवर पूड चांगली धरते. वरून पुन्हा मॅट वार्निश फवारल्यास ती थोडी गडद होते, हे आधीच धरून चालावे. आतल्या तळावर मात्र मी वार्निश देत नाही, तेथे पूड कोरडी असलेलीच चांगली दिसते.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आपल्या मातीची लाल धूळ या वाघिणीच्या चाकांवर देऊ नये. ती वाघीण इंग्लंडच्या खाणी आणि यार्डांत फिरली. तिच्या खालच्या अंगावर काजळी, तेल आणि ब्रेकच्या गुटक्यांची करडी-तपकिरी पूड असायची, आणि ॲक्सलबॉक्सखाली (आसाच्या टोकावरील पेटीखाली) तेलाचा काळा ओघळ. लाल धूळ आपल्याकडील वाघिणीवर शोभेल. तिचा अभ्यास करायचा असेल तर कोकण रेल्वेवरची रो-रो गाडी सुरक्षित अंतरावरून पाहावी. १९९९ पासून कोलाड ते वेर्णे अशी सुरू झालेली ही सेवा सपाट वाघिणींवरून भरलेले ट्रक नेते. ट्रक एका टोकाकडून चढून वाघिणींवरूनच पुढे सरकतात, आणि चाकांबरोबर रस्त्याची माती डेकवर येते. ती कोठे साचते आणि पाऊस तिला कोठे नेतो, हे वहीत दोन रेषांत टिपून घेतले तरी रंगवताना फार उपयोगी पडते.

जाड मिठाचे खडे ओल्या पृष्ठभागावर टाकून, वरून रंग फवारून, मग मीठ झटकून रंग सोलल्याचा परिणाम साधण्याची पद्धतही प्रचलित आहे. आपल्याकडच्या मिठागरांचे जाड मीठ त्यासाठी उत्तम आहे, कारण त्याचे खडे लहान-मोठे असतात. मात्र ते प्राइमर आणि गंजाच्या रंगाचा अखंड थर असलेल्या पृष्ठभागावरच वापरावे आणि नंतर डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवावे. उघड्या धातूजवळ मिठाचा कणही राहू देऊ नये.

प्रश्न : बंद डब्याच्या प्लास्टिकच्या वाघिणीत वजनासाठी जाळ्याच्या शिशाचे बारीक गोळे, सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने बसवले होते. दोन वर्षांनी वाघिणीच्या भिंती फुगल्या आणि तळ फाटला. गोळ्यांवर पांढरी पूड आहे. हे कशामुळे झाले?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : पांढऱ्या गोंदातून सुटणारे ॲसेटिक आम्ल शिशावर हळूहळू काम करते. ओलावा आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांच्या साहाय्याने शिशाची पांढरी संयुगे तयार होतात, ती मूळ शिशापेक्षा जास्त जागा घेतात, आणि बंद पेटीत जागा नसल्यामुळे भिंती फुगतात. ही पूड विषारी आहे. ती फुंकू नये किंवा कोरडी झाडू नये. ओल्या कागदाने टिपून, पिशवीत बांधून टाकावी आणि हातमोजे वापरावेत. नव्या वाघिणीत शिशाऐवजी लोखंडी नट किंवा वॉशर, रंगाचा थर देऊन, इपॉक्सीने बसवावेत.

व्हाइट मेटलच्या वाघिणींनाही हेच लागू आहे, कारण अनेक संचांच्या धातूत शिसे असते. नव्या लाकडाच्या किंवा प्लायवूडच्या बंद कपाटात असेच आम्ल हवेत साठते. काचेची पेटी करून घेणार असाल तर कडांना लावायचे सिलिकोन वासावरून ओळखावे : व्हिनेगरचा वास येणारे सिलिकोन वाळताना ॲसेटिक आम्लच सोडते. वास नसलेला प्रकार मागून घ्यावा आणि पेटीला वारा खेळेल एवढी फट ठेवावी.

प्रश्न : ब्रिटिश वाघिणीनंतर आपल्या मालगाडीची बॉक्सएन (वरून उघडी, उंच भिंतींची) वाघीण पितळी पत्र्यातून स्वतः करण्याचा विचार आहे. कोणत्या प्रमाणात करावी आणि रूळ कोणते घ्यावेत?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : अडचण रुळांची आहे. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर आहे. ती १ : ८७ या एचओ प्रमाणात १९.३ मिलिमीटर येते आणि ४ मिलिमीटरच्या प्रमाणात २२ मिलिमीटर. बाजारात या दोन्ही प्रमाणांसाठी मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात, म्हणजे आपली गाडी त्यांवर अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसते. पहिल्याच प्रयत्नात रूळ आणि सांधे हाताने करण्याचे ओझे घेऊ नये. पेटी १ : ८७ मध्ये अचूक करावी, खाली १६.५ मिलिमीटरची बोगी (चाकांची फिरती चौकट) ठेवावी, आणि बोगी पुढे बदलता येईल अशा एका स्क्रूने बसवावी. बॉक्सएनची कपलरांसह लांबी सुमारे १०.७ मीटर आहे, ती या प्रमाणात १२३ मिलिमीटर भरते. टेबलावरच्या वळणांना ही लांबी त्रास देत नाही.

०.२५ मिलिमीटरचा पत्रा भिंतींना पुरेसा आहे. उभ्या पट्ट्या सोल्डर करताना भिंत तापून वाकते, म्हणून सलग एका टोकाकडून न जाता आधी मधली पट्टी, मग दोन टोकांच्या, मग उरलेल्या, असा क्रम ठेवावा आणि दर पट्टीनंतर पत्रा गार होऊ द्यावा. रुळांच्या अचूकतेबाबत आपला आग्रह असेल, तर नेरळ–माथेरानची १९०७ मध्ये सुरू झालेली ६१० मिलिमीटरची गाडी निवडावी. ४ मिलिमीटरच्या प्रमाणात ती ८ मिलिमीटर येते आणि तयार मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ तिच्या बराच जवळ आहे. पत्रा कापण्यापूर्वी पट्ट्यांची मापे जाड पुठ्ठ्यावर काढून पेटी एकदा पुठ्ठ्याचीच करून पाहावी, आणि ती पावसाळ्यापूर्वी केली तर बरे, कारण जूननंतर पुठ्ठा मऊ पडतो आणि त्यावरची मापे खरी राहत नाहीत.